कुरिअरच्या कामाला हायब्रिड सायकल : घेण्यापूर्वी हिशेब करा

विरार पूर्वेला मनवेलपाड्यासारख्या वस्तीत शिलाईचे गाळे, भरतकाम करणारे कारागीर, बेकऱ्या, औषधांची दुकाने आणि मोबाईल दुरुस्तीवाले शेजारी शेजारी धंदा करतात. यांतील प्रत्येकाला दिवसातून दोन-चार वेळा काहीतरी कुठेतरी पोहोचवायचे असते. शिवलेला माल स्टेशनजवळच्या दुकानात द्यायचा असतो, लेस आणि दोरा आणायचा असतो, गिऱ्हाईकाच्या घरी ड्रेस पाठवायचा असतो. माल मोठा नसतो आणि अंतरही फार नसते. टेम्पो परवडत नाही, आणि रिक्षा केली तर नफ्यातला मोठा वाटा रिक्षातच जातो. म्हणून डाग पोहोचवणारा मुलगा हवा असतो आणि त्या मुलाला वाहन हवे असते.

कुरिअर कंपन्या आणि घरपोच माल देणाऱ्या दुकानदारांमुळे हे काम आता पूर्वीपेक्षा वाढले आहे. बारावीपर्यंत शिकून घरी बसलेल्या अनेक तरुणांना यात रोजी मिळू शकते. परंतु या कामात मजुरी नगावर मिळते. जितके डाग पोहोचले तितके पैसे. वाहन बंद पडले तर त्या दिवसाची कमाई गेली. म्हणून वाहन कोणते घ्यावे, हा या मुलांसाठी शौकाचा नव्हे, पोटाचा प्रश्न आहे.

स्कूटर घेण्याइतके भांडवल नसलेली मुले सायकलीच्या दुकानात जातात तेव्हा त्यांच्यापुढे तीन-चार प्रकार ठेवले जातात. त्यांत 'हायब्रिड' नावाच्या सायकलीची आजकाल फार चर्चा असते. ही सायकल खरोखर कामाची आहे का, आणि असल्यास स्वस्तात स्वस्त पण टिकाऊ कशी निवडावी, याचा विचार येथे करू.

हायब्रिड म्हणजे काय?

कापडवाल्याला हे समजावणे सोपे आहे. टेरिकॉट म्हणजे काय? पॉलिस्टर आणि सुती धाग्याची मिसळ. पॉलिस्टरचा टिकाऊपणा आणि सुताचा गारवा, दोन्ही थोडे थोडे. हायब्रिड सायकल तशीच आहे. शर्यतीच्या सायकलीचे मोठे, हलके चाक घेतले आणि डोंगरी सायकलीचे सरळ हँडल, जरा रुंद टायर आणि ताठ बसण्याची पद्धत घेतली. दोन्हींची मिसळ झाली की हायब्रिड.

तिचे चाक बहुधा '७००सी' या मापाचे असते, म्हणजे रिमचा टायर बसतो तेथील व्यास ६२२ मिलिमीटर. टायरची रुंदी ३५ ते ४२ मिलिमीटर असते. आपली जुनी काळी २८ इंची सायकल, जी दूधवाले, पाववाले आणि पोस्टमन वर्षानुवर्षे वापरत आले, तिचे रिम ६३५ मिलिमीटरचे असते. दोन्ही आकडे जवळ दिसतात, पण एकीचा टायर दुसरीला बसत नाही. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढे टायर-ट्यूब घेताना याचाच त्रास होतो.

डबेवाल्यांचा धडा

सायकलीवरून माल पोहोचवण्यात मुंबईच्या डबेवाल्यांचा हात धरणारे कोणी नाही. १८९० मध्ये महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेले हे काम आजही चालू आहे. इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स नोव्हेंबर २००३ मध्ये चर्चगेटला मुद्दाम त्यांना भेटले होते. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा या लोकांचा रोजगार एका रात्रीत थांबला होता. त्यानंतरही त्यांनी काम पुन्हा उभे केले.

त्यांच्या पद्धतीत तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, लांबचे अंतर ते लोकलने काटतात आणि सायकल फक्त घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कचेरी एवढ्यासाठी ठेवतात. विरार ते चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर आहे. दादर-मशीद बंदरचा माल सायकलीने नेण्याचा विचार कोणी करू नये. लोकलच्या मालडब्यातून विरार स्टेशनपर्यंत माल आणावा आणि तेथून पुढे सायकल वापरावी. दुसरी, ते ओझे पाठीवर घेत नाहीत. डबे मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना आणि हँडलला टांगतात, म्हणजे ओझे खाली राहते आणि तोल जात नाही. तिसरी, कोणत्याही गल्लीतला सायकलवाला दहा मिनिटांत दुरुस्त करील अशीच सायकल ते ठेवतात.

हायब्रिड घेणाऱ्याने या तीन कसोट्यांवर आपली निवड घासून पाहावी.

स्कूटर की सायकल?

आधी या प्रश्नाचा निकाल लावू. मुंबईत पेट्रोलने लिटरमागे १०० रुपयांचा टप्पा २९ मे २०२१ रोजी ओलांडला. हिशेबाला सोपे म्हणून १०० रुपये धरा. मुलगा दिवसाला ३० किलोमीटर फिरतो आणि स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते असे समजा. दिवसाला ६७ रुपयांचे पेट्रोल झाले. महिन्याचे २६ दिवस धरले तर सुमारे १,७३० रुपये. त्यावर विमा, ऑईल, सर्व्हिसिंग आणि धुराचे प्रमाणपत्र वेगळे. स्कूटरची किंमत तर यात धरलेलीच नाही.

आता सायकल १२,००० रुपयांची धरा. ती तीन वर्षे चालली तर महिन्याला ३३३ रुपये पडले. टायर, ब्रेक, चेन, पंक्चर यांसाठी महिन्याला ३०० रुपये बाजूला ठेवले तर एकूण ६३३ रुपये झाले. म्हणजे नुसत्या पेट्रोलच्या तुलनेत महिन्याला अकराशे रुपये हातात राहिले. सायकलीला लायसन्स लागत नाही, नोंदणी लागत नाही आणि विम्याची सक्तीही नाही. पूर्वी नगरपालिकांचा सायकलीचा बिल्ला असे, तेवढीसुद्धा कटकट आता राहिलेली नाही.

पण इमानदारीने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दिवसाला ४० किलोमीटरपेक्षा जास्त फिरावे लागत असेल किंवा एका फेरीत २५ किलोहून जास्त माल असेल, तर सायकलीचा हट्ट धरू नये. माणूस थकतो, वेळ जातो आणि गिऱ्हाईक नाराज होते. एकाच तालुक्याच्या आत, दहा-पंधरा किलोपर्यंतचे डाग आणि वीस ते तीस किलोमीटरची रोजची फिरती, ही सायकलीची खरी जागा.

बॅटरीच्या सायकलीविषयीही पुष्कळ विचारणा होते. जिची मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे, अशा सायकलीला नोंदणी व लायसन्स लागत नाही. परंतु बॅटरी हा तिचा सर्वांत महाग भाग असतो आणि काही वर्षांनी तो बदलावा लागतो. ज्याला पहिल्यांदाच धंदा सुरू करायचा आहे त्याने आधी साधी सायकल घ्यावी, काम टिकते असे दिसल्यावर बॅटरीचा विचार करावा.

किती माल, किती वजन?

कापडाच्या धंद्यातले उदाहरण घेऊ. ४४ इंच पन्ह्याचे मध्यम वजनाचे सुती कापड, चौरस मीटरला १२० ग्रॅमचे, मीटरला सुमारे १३४ ग्रॅम भरते. म्हणजे १०० मीटर कापडाचे गाठोडे १३ किलोच्या वर जाते. एवढे ओझे चांगल्या कॅरिअरवर आरामात जाते. दोनशे मीटर घातले की २७ किलो झाले, आणि येथे कॅरिअरची हद्द संपते. चांगल्या कॅरिअरवर किती वजन चालेल ते कोरलेले असते, अनेकांवर २५ किलो लिहिलेले आढळते. जो आकडा लिहिला आहे तो पाळावा. मालकानेही 'अजून एक तागा टाक' असे म्हणू नये. कॅरिअर तुटले तर मुलगा पडतो, माल मळतो आणि नुकसान दोघांचे होते.

काळी सायकल की हायब्रिड?

दुकानदार सांगतो की हायब्रिड हलकी असते म्हणून घ्या. हे बोलणे अर्धेच खरे आहे. समजा काळी सायकल २० किलोची आणि हायब्रिड १५ किलोची. माणूस ६० किलोचा आणि माल १५ किलोचा. एकीचे एकूण वजन ९५ किलो, दुसरीचे ९० किलो. फरक शंभरात पाचाचा. एवढ्या फरकासाठी कोणी दुप्पट पैसे मोजू नयेत.

हायब्रिडचा खरा फायदा तीन गोष्टींत आहे. पहिला गिअर. दुसरा ब्रेक. तिसरा हलके फिरणारे टायर. या तिन्हींमुळे सरासरी वेग ताशी १२ वरून १५ किलोमीटरवर गेला असे धरा. ३० किलोमीटरला अडीच तासांऐवजी दोन तास लागतील. रोजचा अर्धा तास वाचला, आणि त्यात आणखी एक-दोन डाग पोहोचतात.

किमतीचा फरक ६,००० रुपये आहे आणि वर्षातून ३०० दिवस याप्रमाणे दोन वर्षे काम केले असे समजू. ६०० दिवसांवर ६,००० रुपये, म्हणजे दिवसाला १० रुपये. हायब्रिडमुळे रोज एक जरी डाग जास्त पोहोचत असेल तर हे दहा रुपये वसूल होऊन वर काही उरते. ज्याचे काम दिवसाला चार-पाच फेऱ्यांचेच आहे आणि सपाट गल्ल्यांत आहे, त्याला मात्र काळी सायकलच किफायतशीर. त्याने हायब्रिडच्या मागे लागू नये.

आपला रस्ता ओळखा

सायकल निवडण्यापूर्वी आठवडाभर आपले रोजचे रस्ते कागदावर लिहून काढावेत. मनवेलपाड्यातून स्टेशनपर्यंत, फुलपाड्याकडे किंवा नालासोपारा पूर्वेकडे जाणाऱ्याला चढ फारसा नाही, पण गर्दी, रिक्षा आणि खड्डे आहेत. त्याला वेगापेक्षा ब्रेक आणि रुंद टायर महत्त्वाचे. चंदनसारमार्गे महामार्गाच्या बाजूला जाणाऱ्याला अवजड वाहनांच्या कडेने चालवावे लागते. त्याला आरसा आणि मागचा लाल दिवा हवाच. विरार पश्चिमेला बोळींज, आगाशी, अर्नाळ्याकडे माल नेणाऱ्याला रेल्वेवरचा पूल चढावा लागतो आणि परतताना खाडी-समुद्राकडचा वारा कधी पाठीशी तर कधी तोंडावर असतो. त्याला गिअर उपयोगी पडतात.

समुद्राजवळच्या खाऱ्या हवेने लोखंडाला गंज लवकर चढतो. म्हणून आपल्याकडे ॲल्युमिनियमचे रिम आणि चांगल्या रंगाची फ्रेम यांवर दोन पैसे जास्त गेले तरी ते वाया जात नाहीत.

गिअर किती हवेत?

२१ गिअरची सायकल तरुणांना आवडते. कुरिअरच्या कामाला एवढ्यांची गरज नाही. पुढे एक चक्र आणि मागे सात, एवढे पुरे.

हिशेब असा. जुन्या काळ्या सायकलीला पुढे ४४ दाते आणि मागे १८ दाते धरले, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. पूल चढताना मागे पंधरा किलो माल असेल तर याच साडेपाच मीटरसाठी पायावर सगळा जोर येतो आणि शेवटी उतरून ढकलावी लागते. हायब्रिडला पुढे ३८ आणि मागे सर्वांत मोठे चक्र २८ दात्यांचे असेल, तर एका फेऱ्यात ती सुमारे तीन मीटर जाते. पाय जास्त फिरवावे लागतात पण गुडघ्यावर जोर येत नाही. सपाटीवर मागच्या १४ दात्यांवर चेन आणली की एका फेऱ्यात जवळजवळ सहा मीटर मिळतात. आपल्या भागात यापेक्षा जास्त लागत नाही.

पुढे तीन चक्रे असली की एक जादा तार, एक जादा खटका आणि एक जादा बिघाड. जितके भाग जास्त तितका दुरुस्तीचा खर्च जास्त. सपाट रस्त्यावरच काम असेल तर बिनगिअरची हायब्रिडही मिळते, ती आणखी स्वस्त पडते.

दुकानात काय तपासावे?

नाव आणि रंग पाहून सायकल घेऊ नये. खालील गोष्टी हात लावून पाहाव्यात.

फ्रेम : मागच्या चाकाच्या आसाजवळ आणि सीटखाली कॅरिअर व मडगार्ड बसवण्यासाठी आटे पाडलेली भोके आहेत का, हे प्रथम पाहावे. ती नसतील तर सायकल कितीही सुंदर असो, आपल्या कामाची नाही. सीटच्या दांड्याला आवळून बसवायचे कॅरिअर ओझ्याने फिरते आणि घसरते. ते घेऊ नये.

पुढचा चिमटा : स्प्रिंगचा चिमटा स्वस्त सायकलीत वजन वाढवतो आणि पायाचा जोर खातो. काही दिवसांनी त्यात गंज धरून तो आखडतो. साधा, सरळ चिमटा घ्यावा. खड्ड्यांचा धक्का रुंद टायर सोसतो.

चाके : जुन्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, म्हणून ती पोती वाहते. हायब्रिडच्या मागच्या चाकाला ३६ तारा आणि दुहेरी भिंतीचे रिम असावे. कमी तारांचे चाक ओझ्याने लवकर 'आउट' जाते.

मागचा आस : स्वस्त सायकलीत सात गिअरचे फ्रीव्हील आट्यांवर बसवलेले असते. त्यात उजव्या बाजूला आस आधाराशिवाय लांब राहतो आणि ओझ्याने वाकतो. कॅसेट पद्धतीचा हब मिळाला तर उत्तम. बजेटमध्ये नसेल तर ओझे मर्यादेत ठेवावे आणि खड्ड्यात सायकल जोरात घालू नये.

ब्रेक : क्रोम केलेल्या लोखंडी रिमवर पावसात रबर घसरते, ब्रेक वेळेवर लागत नाही. ॲल्युमिनियमच्या रिमवर तोच ब्रेक पुष्कळ चांगला लागतो. तारेच्या डिस्क ब्रेकचा फायदा असा की रिमला चिखल लागला तरी तो धरतो. पण तो जुळवणारा मिस्त्री जवळपास हवा. मिस्त्री नसेल तर चांगले रबराचे ब्रेक पुरेत.

व्हॉल्व्ह : हायब्रिडच्या ट्यूबला बहुधा मोटारसायकलीसारखा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. पण हवा एकदम जोरात येते, म्हणून टायरच्या बाजूला लिहिलेला आकडा पाहूनच भरावी.

सर्वांत महत्त्वाची तपासणी दुकानात नव्हे, आपल्या मोहल्ल्यात करायची आहे. सायकल घेण्यापूर्वी आपल्या दुरुस्तीवाल्या उस्तादाकडे जाऊन विचारावे की ७००सी चे टायर-ट्यूब, सात गिअरची चेन आणि गिअरची तार तू ठेवतोस का? नाही म्हणाला तर दोन ट्यूब, एक तार आणि ब्रेकच्या रबरांची जोडी घरात आणून ठेवावी.

सोनिपतची ॲटलस कंपनी १९५१ मध्ये सुरू झाली होती. तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनालाच, बंद पडला. तरीही जुनी ॲटलस सायकल रस्त्यावर चालते, कारण हीरो असो, एव्हॉन असो की हर्क्युलिस, काळ्या सायकलीचे माप सगळीकडे एकच. हायब्रिड घेतानाही जिचे भाग सर्वमान्य मापाचे आहेत अशीच घ्यावी. फक्त त्याच कंपनीचा भाग बसेल अशी अडचण विकत घेऊ नये.

सायकल अंगाच्या मापाची हवी

शिंपी माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. दिवसाचे दोन-अडीच तास ज्या सायकलीवर बसायचे ती मात्र लोक मापाशिवाय घेतात. दांडीवरून पाय टाकून दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहावे. दांडी आणि शरीर यांत दोन ते पाच सेंटिमीटर जागा हवी. नंतर सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. सीट खाली ठेवून चालवणाऱ्याचे गुडघे सहा महिन्यांत दुखू लागतात, आणि दोष सायकलीला दिला जातो.

पावसाळ्याची तयारी

वसई-विरारचा पाऊस सर्वांना माहीत आहे. जुलै २०१८ मध्ये या भागात रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडली होती आणि वस्त्याच्या वस्त्या पाण्यात होत्या. कुरिअरवाल्याचे काम मात्र पावसात थांबत नाही, उलट वाढते.

पूर्ण लांबीचे मडगार्ड दोन्ही चाकांना हवेतच. हायब्रिड बहुधा मडगार्डशिवाय विकली जाते, म्हणून तिची किंमत सांगताना मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी, दिवे आणि कुलूप यांचा खर्च आधीच जोडून विचारावा. बारा हजारांची सायकल या सगळ्यासह किती हजारांची होते, तोच खरा भाव.

कापड, कागद आणि औषधे भिजली की परत घेतली जातात आणि भरपाई पोहोचवणाऱ्याकडून मागितली जाते. हा माल त्याच्या हातात अमानत असतो. म्हणून बाजूच्या थैल्यांत आधी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालावी, त्यात माल ठेवून तोंड दोनदा दुमडून बांधावे. साचलेल्या पाण्यात सायकल घालू नये. खालचा खड्डा किंवा उघडे गटार दिसत नाही, आणि पाणी हबमध्ये गेले की छर्रे खराब होतात. गेलेच तर ग्रीस बदलून घ्यावे, पुढच्या महिन्यावर ढकलू नये.

देखभाल : आठवड्याला पाव तास

चेन पुसून तेलाचे थेंब सोडावेत आणि जादा तेल फडक्याने काढावे. तेल ओतले म्हणजे चेन जास्त टिकते असे नाही, जादा तेलावर धूळ बसते आणि तीच चेन खाते. चेन किती झिजली हे शिंप्याच्या पट्टीनेही कळते. नव्या चेनच्या पिनांवर पट्टी धरली तर बारा इंचांवर नेमकी पिन येते. ती पिन इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे गेली तर चेन बदलावी. आठव्या भागापर्यंत गेली तर मागची चक्रेही झिजलेली असतात आणि चेनसोबत तीही बदलावी लागतात. थोड्या पैशांची चेन वेळेवर बदलली तर मोठा खर्च वाचतो.

टायरची हवा आठवड्यातून एकदा पाहावी. मागच्या चाकावर ओझे असते, त्यात हवा थोडी जास्त ठेवावी. कमी हवेने सायकल जड चालते आणि खड्ड्यात ट्यूब चिमटून पंक्चर होते.

बिल, चोरी आणि जुनी सायकल

सायकल आणि तिच्या भागांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. मूळ किंमत १०,००० रुपये असेल तर पूर्वी ११,२०० रुपये पडत होते, आता १०,५०० पडतात. दुकानदाराने ही सवलत दिली की नाही, हे पक्के बिल घेतल्याशिवाय कळणार नाही. ज्या व्यापाऱ्याची जीएसटी नोंदणी आहे त्याने सायकल दुकानाच्या नावावर घेतल्यास भरलेल्या कराची वजावट मिळते का, हे आपल्या हिशेबनीसाला विचारून ठेवावे.

बिलावर फ्रेमचा नंबर लिहून घ्यावा. हा नंबर बहुधा पायडलच्या खाली किंवा सीटच्या दांड्याजवळ कोरलेला असतो. सायकल चोरीला गेली तर पोलिसांत तक्रार देताना हाच नंबर उपयोगी पडतो. कुलूप फक्त चाकाला लावू नये, फ्रेम आणि मागचे चाक दोन्ही धरून खांबाला किंवा जाळीला साखळी बांधावी. खटक्याने निघणारी चाके व सीट असतील तर तेथे नटबोल्ट लावून घ्यावेत.

जुनी सायकल घेणे वाईट नाही, पण बिलाशिवाय घेऊ नये. अर्ध्याहून कमी किमतीत कोणी चांगली हायब्रिड देत असेल तर ती कोठून आली हे विचारण्याची जबाबदारी आपली आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. शिवाय दुसऱ्या गरीबाच्या पोटावर पाय देऊन आपल्या रोजीत बरकत येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

पैसे कसे उभे करावेत?

दुकानात 'शून्य टक्के व्याजाचे हप्ते' असा फलक असतो. व्यापाऱ्याने आणि कारागिरानेही तो नीट वाचावा. प्रक्रिया शुल्क किती, हप्ता चुकल्यास दंड किती, आणि रोखीने घेतल्यास किती सूट मिळते, हे तीन प्रश्न विचारावेत. रोखीने ८०० रुपये सूट मिळत असेल आणि हप्त्याने ती मिळत नसेल, तर ते ८०० रुपये व्याजच आहे, फक्त नाव वेगळे आहे.

यापेक्षा चांगले दोन मार्ग आपल्याच हातात आहेत. एक, ओळखीच्या दहा-बारा जणांची भिशी. दुसरा मार्ग मालकासाठी आहे. ज्या दुकानदाराला रोज माल पोहोचवायचा आहे त्याने सायकल स्वतः विकत घेऊन मुलाला द्यावी आणि मजुरीतून महिन्याला ठराविक रक्कम कापावी. १२,००० रुपयांची सायकल, महिन्याला ५०० रुपये, २४ महिन्यांत फेड. एक पैसाही जास्त नाही. फेड पूर्ण झाली की सायकल मुलाची.

मात्र हा करार साध्या कागदावर लिहून दोघांनी सही करावी. त्यात चार गोष्टी असाव्यात : सायकलीची किंमत, महिन्याची कपात, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, आणि मुलगा मध्येच काम सोडून गेला तर सायकल कोणाकडे राहील व कापलेले पैसे कसे परत होतील. मालक चांगला आहे, मुलगा ओळखीचा आहे, म्हणून लिहायचे टाळू नये. ओळखीतले व्यवहारच न लिहिल्यामुळे बिघडतात. अपघात झाला किंवा मुलगा आजारी पडला तर त्या महिन्याची कपात पुढे ढकलावी, हेही त्यातच लिहावे.

थोडक्यात

कुरिअरच्या कामाला परवडणारी हायब्रिड सायकल अशी असावी : साधा चिमटा, पुढे एक आणि मागे सात गिअर किंवा बिनगिअरची, ३५ ते ४२ मिलिमीटरचे टायर, मागे ३६ तारा, ॲल्युमिनियमचे रिम, कॅरिअर व मडगार्डची भोके असलेली फ्रेम, सर्वमान्य मापाचे भाग आणि फ्रेम नंबर लिहिलेले पक्के बिल. एवढे मिळाले तर रंग आणि नाव कोणतेही चालेल. यातले काही मिळत नसेल आणि काम सपाट गल्ल्यांतले असेल, तर काळी सायकल घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

आणि जे व्यापारी आपला माल अशा मुलांच्या हाती देतात त्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या दुकानाचे नाव गिऱ्हाईकाच्या दारापर्यंत हाच मुलगा नेतो. त्याची सायकल धड असेल तर आपला माल वेळेवर आणि कोरडा पोहोचेल. पुढच्या पावसाच्या आत आपल्याकडे काम करणाऱ्या मुलाची सायकल एकदा स्वतः पाहून घ्यावी, ब्रेक दाबून पाहावा आणि मागचा दिवा लागतो का ते तपासावे. दोन-तीनशे रुपयांच्या दुरुस्तीसाठी त्याला पगाराची वाट पाहावी लागू नये.